शनिवारचं तेल

"माफ करा... हे तेल खालून काढतात, की वरून?"

विब्के थॉमसन आपल्या मोटारसायकलशेजारी फरशीवर आडवी होऊन इंजिनाच्या पोटाखाली डोकावत होती. तिनं मान वळवली. शेजारच्या जागेत तिला फक्त दोन बूट दिसले, तेही चकचकीत पॉलिश केलेले. इतके स्वच्छ बूट या गॅरेजात तिनं आजवर पाहिले नव्हते.

"वरून," ती म्हणाली. "चमच्याचमच्यानं."

बूट थोडा वेळ विचारात पडले.

"चहाचा चमचा, की मोठा?"

विब्केनं डोळे मिटले. फ्लेन्सबुर्गच्या बंदरामागचं हे गॅरेज स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्यांसाठी होतं. घरासमोर फुटपाथवर तेल सांडलं की शेजारी लगेच पोलिसांना फोन लावतात, म्हणून लोक इथं तासावर जागा घ्यायचे. पाने, ट्रे आणि कडू कॉफी मालकीण लोरेन्त्सेनबाई द्यायच्या. विब्केनं एप्रिलच्या सगळ्या शनिवारांची सकाळ राखून ठेवली होती. आठवडाभर ती दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासायची, तासायची. शनिवारचे हे तीन तास तिचे एकटीचे होते. इथं तिला कोणाचा आवाज नको होता, पुरुषाचा तर मुळीच नको.

त्याला कारण होतं. आर्नेबरोबर काढलेल्या पाच वर्षांत तिच्या गाडीचं तेल दर वेळी आर्नेनंच बदललं. ती नुसती टॉर्च धरून उभी. "हात लावू नकोस, आटे घालवशील," हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की आर्ने सोडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं पाना विकत आणला. एकही आटा गेला नाही. आता तिच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे.

आणि आता हे बूट.

बुटांचा मालक खाली वाकला. तिशीचा असेल. वाळूच्या रंगाचे विस्कटलेले केस, नाकावर शाईचा निळा डाग.

"मी फीटे. बालवाडीत शिकवतो. गाडी नवीन आहे... म्हणजे जुनीच आहे, पण मला नवीन."

"विब्के. आधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा. तेल गरम झालं की पातळ होतं. मग खालचा बोल्ट काढायचा. खाली ट्रे ठेवून!"

"ट्रे का?"

विब्केनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"कळलं," तो घाईनं म्हणाला.

त्या सकाळी त्यानं तिला एकवीस प्रश्न विचारले. तिनं मोजले. बोल्टचा वायसर दर वेळी नवा का घालायचा? फिल्टरच्या रबरी रिंगला आधी तेलाचं बोट का लावायचं? जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली तर?

"तर जुनीवर नवी बसते, दोन रिंगा होतात आणि सगळं तेल बाहेर. म्हणून जुना फिल्टर काढल्यावर आधी बघायचं, त्याची रिंग त्याच्याबरोबर आली का."

त्यानं खिशातून लहान मुलांची वही काढली आणि हे लिहून घेतलं. वहीच्या कव्हरवर बदक होतं.

*

पुढच्या शनिवारी पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता. विब्के आली तेव्हा तो शेजारच्या जागेत हजर.

"आज ब्रेकचं ऑइल," तो आनंदानं म्हणाला.

"मागच्याच वेळी का नाही केलंत?"

"एका दिवशी एकच गोष्ट नीट शिकावी, असं मी मुलांना सांगतो."

ब्रेकला दोन माणसं लागतात असं काही नाही. विब्के एकटीनंच करायची. पण तो लिव्हर एका हातानं धरून दुसरा हात चाकापर्यंत पोचवायची जी धडपड करत होता, ती तिला बघवेना.

"सरका. मी खाली बघते. मी म्हटलं की दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. सोडा म्हटल्याशिवाय सोडायचं नाही."

"बरं."

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा..." तिनं नळीचं तोंड सैल केलं. मळकट ऑइल नळीतून बुडबुड्यांसकट बाटलीत उतरलं. तिनं तोंड आवळलं. "सोडा."

असं दहा-बारा वेळा झालं. दाबा, धरा, सोडा. मग एकदा ती 'सोडा' म्हणायलाच विसरली. वर पाहिलं तर तो लिव्हर दाबून तसाच उभा — बोटं पांढरी पडलेली, नजर तिच्यावर.

"सोडा ना!"

"तुम्ही म्हणाला नाहीत."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

*

तिसऱ्या शनिवारी तो इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा डबा घेऊन आला. ओतायला काही आणलेलं नव्हतं, म्हणून तिचं नरसाळं मागितलं. सोबत घरून केलेला दालचिनीचा पाव होता. तिनं पाव खाल्ला. चांगला होता, हा आणखी एक वैताग. रंग हिरवा का, निळा का नाही? उकळतं तेव्हा झाकण का उघडायचं नाही? आणि मग, नरसाळं हातात धरून, अगदी सहज—

"तुम्ही हसता तेव्हा तुमचा डावा डोळा आधी हसतो. ते का?"

तिच्या हातातला पाना खणकन फरशीवर पडला.

"हे बघा," ती उसळली. "इंजिनचं तेल, ब्रेकचं ऑइल, कूलंट — सगळं मिळून एका सकाळचं काम आहे! तुम्ही तीन शनिवार लावलेत. मी इथं शांततेसाठी येते. तुमच्या बालवाडीसाठी नाही!"

पलीकडे लोरेन्त्सेनबाई कॉफी ढवळायच्या थांबल्या. फीटेचे कान लाल झाले. त्यानं झाकण लावलं, हात पुसले.

"बरोबर आहे तुमचं," तो हळूच म्हणाला, आणि गाडी ढकलत पावसात निघून गेला. तिचं नरसाळं नकळत त्याच्याच हँडलला लटकलेलं.

*

चौथ्या शनिवारी शेजारी एक जाडजूड आजोबा स्कूटर घेऊन बसले होते. एक अक्षर बोलत नव्हते. हवी होती तशी शांतता मिळाली होती... मग चिडचिड कशाची होतेय, हे विब्केला समजेना.

आज तिच्या स्वतःच्या गाडीचं तेल बदलायचं होतं. इंजिन गरम केलं, बोल्ट काढला. काळं तेल ट्रेमध्ये उतरताना ती दाराकडे बघत होती. फिल्टर काढला, तेव्हाही दाराकडेच. गेला तर गेला. इतकं काय बोलले मी? आणि एवढ्याशा बोलण्यानं कोणी निघून जातं का? नवा फिल्टर घट्ट बसवला, तीन लिटर नवं तेल ओतलं, बटण दाबलं.

इंजिन सुरू झालं, आणि फिल्टरच्या कडेनं तेलाची धार सुटली. तिनं इंजिन बंद करेपर्यंत फरशीवर तळं झालं होतं. तिच्या पँटवर तेल, बुटांत तेल.

आजोबा पहिल्यांदाच बोलले. "अरेरे," ते म्हणाले, आणि पुन्हा स्कूटरकडे वळले.

"जुनी रिंग... आली होती का त्याच्याबरोबर?"

दारात फीटे उभा होता. हातात तिचं नरसाळं, धुऊन पुसून लख्ख केलेलं.

"एक शब्द बोलू नका," विब्के म्हणाली.

"मी फक्त हे परत द्यायला—"

"बोललात!"

त्यानं नरसाळं खाली ठेवलं. कोपऱ्यातलं भुशाचं पोतं ओढत आणलं आणि चकचकीत बुटांनिशी सरळ तळ्यात शिरला. मुठीमुठीनं भुसा टाकू लागला. बोल्टला हात लावला नाही, फिल्टरला लावला नाही. 'मी बघतो' म्हणाला नाही. नुसता गुडघ्यांवर बसून फरशी पुसत राहिला. विब्के बघत राहिली.

तिनं फिल्टर काढला. इंजिनाला चिकटलेली जुनी रिंग नखानं सोडवली. खरंच होती.

"तुझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली.

"माझ्यामुळे? मी तर नव्हतोच."

"म्हणून तर!"

तो पुसायचा थांबला. वर पाहिलं.

"तू... म्हणालात तुम्ही मला."

"तेलात उभं राहून कोण तुम्ही-आम्ही करतं? आणि तू नुसतं नरसाळं द्यायला आलास का?"

"हो. म्हणजे... नाही." त्यानं फडक्याचा बोळा केला, उलगडला, पुन्हा बोळा केला. "पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं तेल राहिलंय. ते मी मुद्दाम ठेवून दिलंय. ते बदललं की गाडीत बदलण्यासारखं काही उरत नाही. मग शनिवारी इथं काय म्हणून यायचं? मी सगळं एका सकाळी करू शकलो असतो, विब्के. दुसऱ्याच शनिवारी मला सगळं येत होतं. पुस्तक पाठ केलं होतं मी."

"म्हणजे ते सगळे प्रश्न...?"

"चमच्याचा खरा होता."

विब्के कमरेवर तेलकट हात ठेवून उभी राहिली. ओरडावं की हसावं, हे तिचं ठरेना. डावा डोळा आधी हसला, हे तिलाच जाणवलं, आणि आता तो बघतोय हेही.

"अरे मूर्खा," ती म्हणाली, "कॉफीला येता का, एवढं एक विचारायचं होतंस. एकच प्रश्न!"

"येतेस?"

"कॉफी इथली नको. होल्निसला जाऊ, समुद्राकाठी. माशाचा पाव खाऊ." तिनं आपल्या गाडीकडे पाहिलं. नवं तेल आणायला सोमवार उजाडणार होता. "तुझ्या गाडीवरून."

लोरेन्त्सेनबाईंनी पाय पुसण्यासाठी चिंध्या दिल्या. बाहेर पाऊस थांबला होता. विब्केनं बसण्याआधी वाकून त्याच्या इंजिनावरची तेलाची पातळी दाखवणारी काच पाहिली. तेल दोन रेषांच्या बरोबर मध्ये होतं, मधासारखं स्वच्छ. खालचा बोल्ट कोरडा ठणठणीत. आर्नेच्या मागे बसणं सोडल्यापासून ती कोणाच्याच मागे बसली नव्हती.

ती बसली.

"एक विचारू?" हेल्मेटच्या आतून त्याचा आवाज आला. "तू मागची कडी धरणार, की..."

"फीटे!" ती वैतागून ओरडली, आणि दोन्ही तेलकट हात त्याच्या कमरेभोवती घट्ट आवळले. "आता गाडी काढ."