एकसष्ट नंबरचा बिल्ला

ही हकिकत जशी घडली तशी लिहिली आहे. वाढवलेलं काही नाही. उलट थोडं गाळलंच आहे, कारण यात घरच्याच माणसाचं नाव येतं.

मे २००६. तारीख वीस, वार शनिवार. रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते आणि ऊन डोळ्यांत खुपत होतं.

जागा, बोदलकसाच्या पलीकडच्या जंगलातली मँगनीजची बंद खाण.

ताराचंद तिथे गेला होता तो बायकोच्या शब्दाखातर. अल्काला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. दवाखान्यातल्या खाटेवर ती एवढंच म्हणाली होती, "माह्या मायचा बिल्ला पाहा ना एकडाव. ते पळाली नसन."

अल्काची आई नंदाबाई या खाणीत डोक्यावर टोपल्या वाहायची. तेव्हा गेटवर एक फळी होती. फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला नंबरचा पितळी बिल्ला. नंदाबाईचा एकसष्ट. सकाळी आत जाताना आपला बिल्ला काढून पदराला बांधायचा. संध्याकाळी पाचला वर आलं की परत खिळ्याला लावायचा. एक जरी खिळा रिकामा राहिला, तर गेटवाला शिट्टी फुंकायचा आणि माणसं कुदळी घेऊन खाली उतरायची.

१९६७ च्या जून महिन्यात झड लागली आणि खाणीची दरड कोसळली. सगळे जीव घेऊन पळाले. गेटवाल्याने बिल्ले मोजले. म्हणाला, खिळे भरलेले आहेत. आत कोणी नाही.

शिट्टी वाजली नाही. कोणी खणलं नाही.

नंदाबाई मात्र घरी आली नाही. मग लोकच म्हणाले, ट्रकवाल्यासोबत पळाली. अल्का चार वर्षांची होती. ती टोचणी तिने जन्मभर ऐकली. विहिरीवर ऐकली, लग्नात ऐकली, पोरांच्या बारशातही ऐकली.

तो गेटवाला म्हणजे केवलराम. ताराचंदचा बाप.

त्याच केवलरामने पुढे अल्काला सून करून आणली. गावाने त्याचं मोठेपण सांगितलं. अल्का त्याची भाकरी करायची, पाय दाबायची. फक्त एक गोष्ट त्या घरात चालत नव्हती. म्हाताऱ्यापुढे खलबत्ता वाजलेला चालायचा नाही. ठक ठक ऐकली की तो कान दाबून ओरडायचा, "बंद कर! बंद कर ते!" अल्का मग मिरच्या कुटायला शेजारी जायची.

घरात सगळे हसायचे.

ताराचंदसोबत बकाराम होता, तिरोड्याचा भंगारवाला. त्याच्याकडे जमिनीतलं लोखंड, पितळ शोधायचं मशीन होतं. लांब दांडी, खाली थाळी. खाली धातू असला की मशीन किंचाळायचं. जुन्या खाणीतले रूळ आणि बोल्ट काढून तो विकायचा.

"भाऊ, रूळ भेटला तं माहा, बिल्ला भेटला तं तुहा," तो म्हणाला. "अन् सोनं भेटलं तं?"

"सोनं भेटलं तं तू मले सांगशीन काय बे?"

बकाराम खो खो हसला.

त्या जागेवरचं ते शेवटचं हसू.

कामगारांच्या चाळी रानाने गिळल्या होत्या. भिंतींतून पळस उगवले होते. दोघं दरडीच्या उतारावर गेले. तासभर खिळे, तारा, एक फुटका कंदील. मग एका जागी मशीन किंचाळलं...

आणि थांबेना.

बकारामने बटण बंद केलं. तरी ते वाजत होतं.

"सेल खराब आहेत वाटते," तो म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता.

ताराचंदने हातभर खणलं. हाताला पितळ लागलं. थुंकी लावून पुसलं.

एकसष्ट.

मशीन गप्प झालं. रानातले किडेही गप्प झाले.

"हा तं खाली आहे," बकाराम हळूच म्हणाला. "मंग तुह्या बापानं खिळ्यावर काय पाहिलं गा?"

बिल्ले मोजणारा एकच माणूस होता. मोजलेलं सांगणाराही तोच.

ते गेटच्या खोलीपर्यंत आले. छप्पर नव्हतं. फळी मात्र होती, वाळवीने खाल्लेली. खिळे गंजलेले, रिकामे. ताराचंदच्या हातातल्या घड्याळात पाच वाजले.

तेव्हा आवाज आला...

खण्ण.

खिळ्याला पितळ लागल्याचा.

खण्ण... खण्ण... एकामागून एक. समोरचे खिळे रिकामेच होते. पण बाजूने बाया जात असाव्यात तसा ओल्या लुगड्यांचा वास आला. कोणी खोकलं. पायांखालची पानं दबली. एकही माणूस दिसला नाही.

मग सगळं थांबलं.

एकसष्टचा खिळा अगदी ताराचंदच्या डोळ्यांसमोर होता.

ताराचंद भुतंखेतं मानणारा माणूस नाही. घरात बाबासाहेब आणि बुद्धाचा फोटो, देव्हारा नाही. पण त्या घटकेला त्याच्या मनात अल्काच होती. त्याला वाटलं, एवढाच एक राहिला आहे. हा लावला की हीसुद्धा बाहेर आली असं होईल. सुटेल बिचारी.

"नको लावू, भाऊ..." बकाराम म्हणाला.

ताराचंदने बिल्ला खिळ्याला लावला.

"चाल, माय. आता घरी चाल."



आणि दरडीच्या खालून...

ठक.

ठक. ठक.

दगडावर दगड मारल्यासारखा आवाज. घाईचा. आतून.

तेव्हा ताराचंदला कळलं की आपण काय केलं. ती खाली होती, आणि त्याने तिचा बिल्ला खिळ्याला लावला होता. बापाच्या तोंडची खोटी हजेरी मुलाने हाताने खरी केली होती.

आणि हेही कळलं की म्हाताऱ्याला खलबत्ता का चालत नव्हता. त्या दिवशी गेटपर्यंत ऐकू आलं असणार. त्याने ऐकलं होतं.

"शिट्टी... बकाराम, शिट्टी वाजव!"

"कोठची शिट्टी? पळ, भाऊ, पळ!"

ताराचंद पळाला. हेही लिहायलाच पाहिजे. बापासारखीच ते ऐकून त्यानेही पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी तो मुलाला, संघदीपला, आणि चार माणसांना घेऊन गेला. फळी होती. खिळा होता. बिल्ला नव्हता. दिवसभर खणलं. दगडांशिवाय काही निघालं नाही.

बकाराम विचारेल त्याला सांगतो, बिल्ला सापडला होता. लोक म्हणतात, भंगारवाल्याच्या बोलण्याचं काय घेता. नंदाबाई आजही ट्रकवाल्यासोबतच पळालेली आहे.

ताराचंदने घरात बापाचा फोटो होता तो उतरवला. अल्काच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतो, पण तिला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

तिचा खलबत्ता त्याने पोत्यात बांधून माळ्यावर ठेवला आहे. घरात आता तिखट विकतचं येतं.

तरी पाच वाजले की...

सून म्हणते, "बाबा, माळ्यावर उंदीर असतील."

असतील.