धक्क्यावर जागा आहे का?

यातला एकही शब्द मी वाढवलेला नाही. वाढवणं मामांचं काम. लेखक ते.

चौदा जानेवारी. नॉर्वेचं उत्तर टोक, आमचं स्कारवोग. दुपारचे बारा, तरी निळसर अंधारच. इथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही; तो यायला अजून आठवडा होता.

माझे मामा इंगवाल्ड मासळीचे व्यापारी. बोटी परतताना वायरलेसवर विचारतात, "जागा आहे का?" मामा म्हणतात, "ये."

एकतीस वर्षांत त्यांनी एकाही बोटीला नाही म्हटलेलं नाही.

फावल्या वेळात ते बुडालेल्यांवर पुस्तक लिहीत. शेवटचं प्रकरण एडवार्टचं. ऑक्टोबरात त्याच्या बोटीचा पुढचा अर्धा भाग तेवढा किनाऱ्याला लागला होता.

बाकी काहीच नाही.

त्याची बायको बोर्गहिल्ड त्या सकाळी मामांच्या धक्क्यावरच्या गोदामात आली.

"मासे घे की विकत, इंगवाल्ड. माझा नवरा कशाला मारतोस?"

"अगं, मी कुठे? समुद्रानं..."

"समुद्रानं मला अजून सांगितलं नाही. तुला बरं आधी कळलं!"

ती गेली. मामांनी प्रकरण छापायला पाठवून दिलं.

बारा वाजता वायरलेस खरखरला.

"इंगवाल्ड... तीन टन आहेत. जागा आहे का?"

मामांचा हात हवेतच राहिला.

एडवार्टचा आवाज.

"मामा, बोला ना!"

"गप्प बस."

बाहेर इंजिनाची टकटक. जवळ... आणखी जवळ...

दिवा नाही.

छपरावरचे पक्षी एकदम गप्प झाले.

"इंगवाल्ड? फार गारठलोय रे. जागा आहे का?"

मामांनी बटण दाबलं.

"नाही. जागा नाही. पुढे जा."

टकटक थांबली. मग... लांब जाऊ लागली.

बोट वळल्यावर येते तशी एक लाट धक्क्याच्या खांबांवर आपटली.

पाण्यावर काहीच नव्हतं.

आमच्या गावात घराघरांत, चुलीशेजारी हाच वायरलेस चालू असतो. समुद्रावर माणसं असतात ना घरची.

बोर्गहिल्ड नुसत्या मोज्यांवर बर्फातून धावत आली. मला वाटलं, मामांना मारणार. तिनं हातही उचलला नाही.

"पुढे म्हणजे कुठे, इंगवाल्ड?"



आमच्यापुढे गावच नाही.

बचाव पथकाची बोट दोन दिवस फिरली. काही सापडलं नाही. मामांनी प्रकरण परत मागवलं, पण बोर्गहिल्ड त्यांच्याशी बोलत नाही.

तो एडवार्ट होता की दुसरं काही, मला ठाऊक नाही.

पण गारठलोय म्हणाला. दोनदा विचारलं त्यानं.

आणि त्या दुपारी अख्खा धक्का रिकामा होता.