सरका जरा

काम साधंच होतं. बाबांची जुनी लाल स्पोर्ट्स गाडी पाचच्या आत तपासणी केंद्रात न्यायची आणि शिक्का घेऊन यायचं. शिक्का मिळाला तर गाडी आपली, नाहीतर सरळ भंगारात. मुदतीचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या दिवसाशिवाय माझ्या हातून काही होत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

बाबांनी ती अडतीस वर्षं सांभाळली. माझ्याहून सात वर्षं आधी घरात आलेली, म्हणून लहानपणी मी तिला ताई म्हणायचे. ते गेले आणि ताई माझ्या नावावर झाली.

"दोन सीटची गाडी आणि चार माणसांचं घर," सासूबाई म्हणाल्या. "कोणाकोणाला उतरवणार आहेस?"

नवरा म्हणाला, "जमत नसेल तर राहू दे गं." मायेनं म्हणाला, म्हणूनच जास्त लागलं.

आठ महिन्यांची लेक सासूबाईंकडे दिली. दुधाची वेळ, औषधाची वेळ, रुमालांचा कप्पा, सगळं दोनदा सांगितलं.

"अगं, तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय!"

'म्हणूनच सांगतेय' हे ओठांवर आलेलं गिळलं आणि गॅरेजमध्ये गेले.

आत बसले तर पाय क्लचला पोचेनात. सीट पार मागे गेलेली. महिन्याभरापूर्वी मीच ती पुढे ओढली होती, आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. बाबाही माझ्याएवढेच, बुटके. मग हे लांब पाय कुणाचे?

मेकॅनिककाकांनी एकदा सांगितलं होतं. "सीटची पट्टी तीनदा बदलली मी. काही फरक नाही. पहिला मालक सहा फुटांच्या वर होता. फार जीव गाडीवर. तो गेला, तेव्हा बायकोनं विकली... त्याला कोण विचारणार?" आणि ते हसले होते. मीही हसले होते, जरा जास्तच.

खटका ओढला, सीट पुढे घेतली आणि निघाले.

डोंगराच्या चढावर ताई सुरेख चालली. उतार लागला आणि भरदुपारी धुकं उतरलं. आधी झाडं गेली, मग रस्त्याच्या कडेचे दगड, मग बॉनेटचं टोकही. काच घट्ट बंद होती, तरी आत ओल्या चामड्याचा वास दाटून आला. इंजिनाच्या घरघरीखाली आणखी एक आवाज होता. संथ... जड... कुणीतरी माझ्या मानेमागे श्वास घ्यावा तसा.

खट्.

सीट सर्रकन मागे गेली. ब्रेकवरचा पाय सुटला. हात जेमतेम स्टिअरिंगला लटकत होते आणि गाडी उतारावर वेग घेत होती. समोर धुक्यात दोन तांबडे दिवे पेटले. ट्रक होता, जवळजवळ उभाच.

"सॉरी," मी म्हणाले. खरंच म्हणाले! मी दाराला धडकले तरी दाराची माफी मागते.

सीट जागची हलली नाही. मानेवर गार श्वास आला. डोळ्यांसमोर लेक आली, आणि तिच्या मागोमाग बाबा. गाडीत बसण्याआधी ते दर वेळी दार उघडून वाकायचे, रिकाम्या सीटला म्हणायचे, "सरका जरा," आणि मगच बसायचे. अडतीस वर्षं. मला वाटायचं, ताईची चेष्टा करतात. ती चेष्टा नव्हती. आणि मी आज न विचारता बसले होते.

पण आता विचारायला वेळ नव्हता.

"सरका!" मी ओरडले. असा आवाज माझ्या घशात आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. "ही जागा आता माझी आहे. सरका म्हणते ना!"

क्षणभर काहीच नाही... मग पाठीमागून कुणी ढकलावं तशी सीट पुढे आली. गुडघे आपटले. पाय ब्रेकवर पडला. ताई किंचाळली, थरथरली, आणि ट्रकच्या मागे वीतभर अंतरावर थांबली.

मी रडले नाही. नोंद असावी म्हणून सांगते. पहिला गिअर टाकला, ट्रकला वळसा घातला, आणि वळणामागून वळण घेत खाली आले. धुकं फाटलं. इंजिन असं गात होतं की मीही गायला लागले, बेसूर आणि मोठ्यानं.

पाचला सहा मिनिटं कमी असताना तपासनीसानं बॉनेटवरून हात फिरवला. "अशी ठेवलीय कुणी?"

"बाबांनी. आता मी."

शिक्का ठप्पकन बसला. घरी पोचले तेव्हा सासूबाई लेकीला कडेवर घेऊन फाटकाशीच उभ्या होत्या. मी हॉर्न दिला. त्या दचकल्या, मग पदर सावरत म्हणाल्या, "उद्या मला एक फेरी मारून आण."

या गोष्टीला आता वर्ष झालं. माझी सीट त्यानंतर एकदाही मागे गेली नाही. जिथं ठेवते तिथंच असते.

शेजारची मात्र रोज सकाळी पार मागे गेलेली असते, लांब पायांच्या माणसाला लागावी इतकी. सासूबाईंना फेरीला नेताना आधी मी दार उघडून वाकते आणि विचारते. त्यांना वाटतं, चेष्टा करते.

काल लेकीला फक्त गाडी पुसायला सोबत नेलं होतं. ती त्या रिकाम्या सीटकडे बघून खुदकन हसली. मग मान वर केली... आणखी वर... छतापर्यंत. आणि कडेवर घ्या म्हणून दोन्ही हात पुढे केले.