दोन्ही वाचनं जुळली

गोष्ट सुरू करण्याआधी मामाने मला उठवलं. "स्वयंपाकघराच्या दाराची कडी काढून ये," म्हणाला. "नुसतं लोटून ठेव."

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. आम्ही चौघं भावंडं मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो आणि मी परत येऊन सगळ्यांच्या मधे घुसले.

"मामा, ही आत्ताच घाबरली," धाकटा म्हणाला. "तू नाही सांगितलीस तरी चालेल."

मामा हसला नाही.

"माझा एक मित्र आहे. टेप्या म्हणतो आम्ही त्याला. टेपरेकॉर्डर होते तोवर ते दुरुस्त केले, मग लोकांच्या जुन्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागला. चरे पडलेल्या, बुरशी धरलेल्या, वाटेल त्या. सगळं दुरुस्त करायचा, स्वतःची तब्येत सोडून.

"गेल्या नोव्हेंबरात, चौदा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी व्हायोलिनचे मास्तर त्याच्या दुकानात आले. बरोबर त्यांची मुलगी. मास्तरांनी एक सीडी काउंटरवर ठेवली. दहा वर्षांपूर्वी घरीच वाजवून रेकॉर्ड केलेली. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंना जाऊन दहा वर्षं होत होती. शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता, तिथे ती लावायची होती.

"'मधे टकटक आहे,' मास्तर म्हणाले. 'चरे पडलेत. तेवढं काढ.' आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

"मुलगी मागे रेंगाळली. 'दादा, ही त्याच रात्रीची आहे. आई शेजारच्या खोलीत झोपली होती, मी मावशीकडे होते. आईचा आवाज कशातच नाही हो आमच्याकडे. एखादी हाक, खोकला... काहीही सापडलं तर मला सांगा. बाबांना नको.'

"टेप्या म्हणाला, सांगतो.

"मास्तरीणबाईंना दमा होता, हे सगळ्यांना माहीत. झोपेतच गेल्या, हेही सगळ्यांना माहीत. मास्तरांनीच सांगितलेलं."

मामाने पाण्याचा घोट घेतला.

"आता हे नीट ऐका. टेप्याचा प्रोग्रॅम सीडीचा प्रत्येक तुकडा दोनदा वाचतो. दोन्ही वाचनं जुळली, तर ते खरं धरतो. नाही जुळली तर चूक, मग परत वाचायचं. चऱ्याची ओळखच ती. तो दोनदा सारखा वाचलाच जात नाही. आणि काम झालं की प्रोग्रॅम रिपोर्ट लिहितो, कुठे काय झालं त्याचा.

"टेप्याने शटर अर्धं ओढलं आणि कामाला बसला. सीडी मऊ कापडाने पुसली, मधून कडेकडे. वेग कमी केला. चार ठिकाणी चरे होते, ते निघाले. चौदाव्या मिनिटाला टकटक आली. तीन. जरा थांबून परत तीन. प्रोग्रॅम म्हणत होता, इथे चूक नाही. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. तेच. मग त्याने हेडफोन लावले. लाकडावर बोटांची पेरं वाजत होती. आणि ती वाजायला लागल्यावर... व्हायोलिन जोरात झालं होतं.

"त्याने मास्तरांना फोन लावला. 'मास्तर, हा चरा नाही. कोणीतरी दार वाजवतंय.'

"मग मास्तर म्हणाले, 'ती खोकायची सारखी. रेकॉर्डिंग बिघडायचं. म्हणून बाहेरून कडी घातली होती. अर्ध्या तासापुरती.'

"टेप्याने हेडफोन काउंटरवर ठेवले.

"'उद्या तुझी पोरगी वाजवणारे ना?' मास्तर म्हणाले. 'स्टेजवर पहिलीच वेळ. छान बसवलंय मी तिचं.'

"एवढंच. फोन ठेवला."

"मग?" मी विचारलं.

"मग काढले त्याने ते ठोके. तेरा होते, मोजून. प्रत्येकावर आजूबाजूचा सूर आणून बसवला. फार सफाईने. सहाव्यानंतर ठोके हलके होत गेले होते. तेरावा तर ठोका नव्हताच. नखं घासत खाली आली होती दारावरून. तेही काढलं. मूळ फाइल पुसली. तिचा रिपोर्ट पुसला. सीडी काढून डबीत घातली. बारा चाळीस झाले होते.

"दुकानाच्या मागे एक सामानाची खोली आहे. तिला दुसरी वाट नाही. खिडकी नाही.

"तिचं दार वाजलं.

"तीन.

"... मग तीन.

"पुढे किती ते त्याला माहीत होतं. कुठे किती अंतर, तेही. एकेक हाताने कापलेला. कडी त्याच्या बाजूला होती. चार पावलांवर."

मामा थांबला. आत स्वयंपाकघरात फ्रिज बंद पडल्यासारखा शांत झाला.

"उघडली?" धाकट्याने विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"सात. आठ. हलके झाले...

"त्याने हेडफोन लावले. व्हायोलिन मोठं केलं."

धाकटा माझ्याजवळ सरकला.

"तेरावं त्याने ऐकलं नाही. पाहिलं. कडी जराशी थरथरली... आणि थांबली.

"सकाळी मास्तर आले, कॉपी घेतली. जुनी सीडी तिथेच काउंटरवर दुमडून मोडली. आता काय कामाची, म्हणाले. कार्यक्रम चांगला झाला. टेप्याच्या पोरीला टाळ्या पडल्या. चपला घालताना मास्तरांची मुलगी त्याच्याजवळ आली. 'दादा, काही सापडलं?'

"'नाही गं. नुसते चरे होते.'

"'बरं,' ती म्हणाली. 'तरी एवढी मेहनत घेतलीत.'"

मामाने खिशातून चष्म्याचं घर काढलं. आत एक घडी घातलेला कागद होता. "त्या संध्याकाळी त्याला हे कॉम्प्युटरवर दिसलं. छापून माझ्याकडे ठेवायला दिलं."

"तिला का नाही दिलं?" मी विचारलं.

"देणारे, म्हणतो. पोरीची व्हायोलिनची परीक्षा एकदा होऊ दे, म्हणतो."

मी मोबाइलचा उजेड धरला. धाकट्याने कागद धरला. रिपोर्ट चारच ओळींचा होता.

पंधरा नोव्हेंबर, बारा एकेचाळीस.
ड्राइव्ह रिकामा.
ठिकाणं तेरा. वाचनं दोन. दोन्ही जुळली.
चूक नाही.