न विचारता विणलेला एक मीटर

उदयसिंहची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्याचं दोन दिवसांचं काम दोन सेकंदांत वाया घालवलं. तेही नुसतं एक बटण दाबून.

खारघरच्या आमच्या कॉलेजात टेक्स्टाइल डिझाइनचं तिसरं वर्ष नुकतं सुरू झालं होतं. पावसाने आठवडाभर दडी मारलेली, हवेत नुसता दमट उकाडा. घामाने निथळत मी हातमागांच्या खोलीत शिरले आणि पंखा लावला.

“बंद कर! ए, बंद कर ना!”

कोपऱ्यातल्या मागामागून कोणीतरी ओरडलं. वळून बघते तर एक उंच, सावळा मुलगा दोन्ही हात पसरून उभा, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या धाग्यांचा नुसता धुरळा. कापड विणण्याआधी उभे धागे, म्हणजे ताणा, एकेक करून मागात ओवून घ्यावा लागतो. त्याचे तीनशे धागे ओवून झाले होते. उरलेले तीनशे आता त्याच्या केसांत, खांद्यावर, शेजारच्या मागावर... जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसले होते.

मागांच्या खोलीत पंखा लावायचा नसतो हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण चूक कबूल करणं माझ्या स्वभावात नव्हतं.

“आत कोणी आहे हे मला काय माहीत?” मी उलट त्यालाच ऐकवलं.

“सहा फुटांचा माणूस दिसला नाही तुला?”

“धाग्यांमागे लपला होतास.”

तो हसला. चिडायच्या ऐवजी चक्क हसला. डिप्लोमा करून तो थेट तिसऱ्या वर्षाला आला होता, तो त्याचा कॉलेजातला तिसराच दिवस होता. जमिनीवर बैठक मारून त्याने गुंता मांडीवर घेतला आणि माझ्याकडे न बघता, माझ्या हातांकडे बघत म्हणाला, “अजून दोन हात असते, तर लवकर सुटलं असतं.”

मी बसले. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. मी एक धागा हलकेच ओढायचे आणि विचारायचे, “हा?”

“नाही.”

“मग हा?”

“नाही गं...”

“हा?”

“हा — हाच.” धागा त्याच्या बोटांत थरथरला की तो मान वर करायचा. संध्याकाळपर्यंत आम्ही तीनशे वेळा एकमेकांकडे पाहिलं असेल. घरी सानपाड्याला पोचले तेव्हा आईने विचारलं, एवढी खूश का आहेस? मी म्हटलं, उकडतंय किती!

त्यानंतर दोन वर्षं आमचे माग शेजारी शेजारी होते. उदयसिंह कोपरखैरण्याला राहायचा. त्याचे वडील कोंडिबा, म्हणजे त्याचे आबा, मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार. चोवीस वर्षं त्यांनी पोती वाहिली होती. “त्यांच्या खांद्यावर घट्टा आहे,” उदयसिंह एकदा म्हणाला. “लहानपणी मी त्यावर डोकं ठेवून झोपायचो. मला वाटायचं, सगळ्यांचे खांदे असेच कडक असतात.”

विणताना प्रत्येक आडव्या धाग्यानंतर फणी पुढे आपटून तो धागा जागेवर बसवावा लागतो. ज्याचा त्याचा हात वेगळा पडतो. माझा हात अगदी सारखा. आमच्या राजलक्ष्मी मॅडम माझं कापड वर्गात फिरवायच्या, आणि मी — खोटं कशाला बोलू — मनातून फुगायचे. उदयसिंहचा हात जड. त्याचा माग सुरू झाला की खालच्या मजल्यावर कळायचं.

“तू फणी आपटतेस की तिची समजूत काढतेस?” तो मला चिडवायचा.

“आणि तुझं काय? तिच्याशी जुनं भांडण आहे का?”

“आहे ना. तुझ्याशी करता येत नाही, म्हणून तिच्याशी करतो.”

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला तीन मीटर कापड स्वतः विणून परीक्षकांपुढे ठेवायचं असतं. सगळे साड्या, पडदे, दुपट्टे करत होते. उदयसिंहने आबांच्या खांद्यासाठी कापड करायला घेतलं. चौघडी करून खांद्यावर टाकायचं. जिथे पोतं टेकतं तिथे घट्ट आणि मानेशी मऊ. घट्ट कुठे, मऊ कुठे, ते सगळं फणीवरच्या हातातून यायचं होतं. तो चार धागे विणायचा, तळहाताने दाबून बघायचा, डोळे मिटून मान हलवायचा आणि पुढे जायचा. त्याला असं बघता बघताच मी त्याच्या प्रेमात पडले. पण सांगितलं नाही. चूक कबूल करणं जड जायचं, तितकंच तेही मला जड जात होतं.

एप्रिलच्या अखेरीस आबांचा पाय घसरला. पोत्यासकट पडले. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता आयुष्यात ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उदयसिंह नऊ दिवस कॉलेजात आला नाही.

मी फोन केला. “कापडाचं काय रे? पुढच्या सोमवारी परीक्षा आहे.”

तो म्हणाला, “आता कुठल्या खांद्यावर टाकू ते?”

त्याचं दोन मीटर विणून झालं होतं, एक बाकी होतं. तीन मीटर नसेल तर नापास, वर्ष वाया. एका कारखान्यात डिझाइनर म्हणून त्याची जूनपासूनची नोकरी ठरली होती, तीही गेली असती. आणि आबा घरी बसल्यावर सगळं घर आता त्या नोकरीवरच उभं राहणार होतं.

मग मी ते केलं. दुसऱ्याच्या मागावर बसायचं नाही, हा आमच्याकडचा सक्त नियम. कळलं तर दोघांवर कारवाई. पण मॅडम रजेवर होत्या, माझं स्वतःचं कापड पुरं झालं होतं, आणि मला माझ्या हाताचा भारी भरवसा. चार दिवस मी त्याच्या मागावर बसले. घट्ट कुठे, मऊ कुठे, त्याच्या वहीत बघून अगदी मापात विणलं. बुधवारी संध्याकाळी तीन मीटर पुरे झाले. त्या रात्री मला किती छान झोप लागली!

गुरुवारी दुपारी तो आला. डोळे खोल गेलेले, शर्ट चुरगळलेला. मी दारातच त्याला अडवलं.

“डोळे मीट.”

“क्षिप्रा, आज नको...”

“मीट ना. प्लीज.”

त्याने डोळे मिटले. मी त्याचं मनगट धरून त्याला मागाशी नेलं आणि त्याचा तळहात कापडावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद कसा पसरतो ते मला बघायचं होतं. त्याचा हात कापडावरून हळूहळू पुढे सरकला... आणि एका जागी थांबला. डोळे अजून मिटलेलेच होते.

“इथून पुढे तू विणलंयस,” तो म्हणाला.

“ओळखलंस? कसं झालंय?”

“सुंदर. माझ्यापेक्षा चांगलं.” त्याने डोळे उघडले. मग तो मागावर बसला, पायाने मागाची पावडी दाबली, आडवा धागा नेणारा धोटा उलटा घातला आणि मी विणलेला शेवटचा धागा काढून घेतला.

“काय करतोयस?”

“उसवतोय.”

“वेड लागलंय का तुला? तुझं वर्ष जाईल! नोकरी जाईल!”

“जाईल कदाचित.” दुसरा धागा निघाला. “काल आबांनी विचारलं, कापड कुठवर आलं. आता आपण पोतं उचलणार नाही, हे त्यांना कळतंय. तरी म्हणाले, पुरं कर, मी पांघरीन. त्यांच्या हातात देईन ना, तेव्हा ते विचारणार — सगळं तुझ्या हातचं का रे? मला हो म्हणायचंय, क्षिप्रा. आणि खोटं नाही बोलता यायचं मला त्यांच्याशी.”

“मी तुझ्यासाठी केलं हे!”

“माहीत आहे. पण एकदा विचारायचंस तरी.”

“तू नाही म्हणाला असतास.”

“हो,” तो शांतपणे म्हणाला. “म्हणून तर विचारायचं असतं.”

मी तरातरा बाहेर गेले. नळावर तोंड धुतलं आणि मनसोक्त रडले. त्याच्यावर रागावून रडले, मग स्वतःवर. चार दिवस मी त्याच्यासाठी विणतेय असं समजत होते, आणि त्याला काय हवंय हे एकदाही मनात आलं नव्हतं. आपण किती चांगले, याच नादात होते.

परत गेले तेव्हा त्याचं दोन बोटं कापडसुद्धा उसवून झालं नव्हतं. उसवणंही एकेक धाग्याचं, सावकाशीचं काम होतं. तेवढं कापून टाकावं तर त्याबरोबर ताणाही गेला असता, नव्याने विणायला उरलाच नसता. मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. “सुटलेला धागा मी कांडीवर गुंडाळते,” मी म्हटलं. मग थांबले. “...गुंडाळू का?”

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “गुंडाळ.”

गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारचा अख्खा दिवस आम्ही तेच करत होतो. तो धागा काढायचा, मी गुंडाळायचे. मध्येच तो कापडाला बोट लावायचा.

“इथे तुला भूक लागली होती.”

“कशावरून?”

“हात सैल पडलाय.”

“डबा विसरले होते त्या दिवशी.”

“आणि इथे कोणावर चिडलीस?”

“आईवर. तीनदा फोन केला तिने.”

थोड्या वेळाने तो वाकून बघत राहिला. “ही वीतभर पट्टी... इथे एक धागा इकडचा तिकडे नाही. काय चाललं होतं मनात?”

मला पक्कं आठवत होतं. त्या दुपारी खोलीत कोणी नव्हतं, आणि मागाच्या खडखडाटात मी पहिल्यांदाच, अगदी मोठ्याने, स्वतःला सांगितलं होतं, हा माणूस मला हवाय. आयुष्यभर.

“आठवत नाही,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. मी कांडीवरून नजर उचलली नाही. मग त्याने पावडी दाबली, आणि तीही पट्टी सुटत गेली.

शनिवार-रविवार तो विणत होता. मी कांड्या भरून दिल्या, पाणी आणून दिलं, वडापाव आणला. फणीला हात लावला नाही. रविवारी कॉलेज बंद व्हायची वेळ झाली तेव्हा कापड अडीच मीटरवर आलं होतं.

सोमवारी हॉलमध्ये सगळ्यांची कापडं टेबलांवर मांडली होती. घरच्यांनाही बोलावलं होतं. आबा पहिल्या रांगेतल्या बाकावर बसले होते, पांढरी टोपी, उजवा हात झोळीत. त्यांच्या शेजारी उदयसिंह. बाहेरून आलेल्या परीक्षक गीतांजली मॅडमनी त्याचं कापड दोनदा हाताखालून घातलं. त्यांना आवडलं होतं, ते दिसतच होतं. मग त्यांनी टेप लावली.

“अडीच. तीन हवं होतं ना?”

उदयसिंह उभा राहिला. “हो मॅडम.”

“अपघाताचं मला कळलंय. पण गुरुवारपासून तू इथे आहेस. एवढ्या दिवसांत मीटरभर व्हायला हवं होतं.”

“नाही झालं, मॅडम.”

“का?”

“वेळ कमी पडला.”

एवढंच. माझं नाव त्याने घेतलं नाही. ते घेतलं असतं तर कारवाई माझ्यावरही झाली असती, म्हणून तो नापास व्हायला तयार होता. गीतांजली मॅडमनी पेन उघडलं. राजलक्ष्मी मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

“मॅडम, वेळ माझ्यामुळे गेला.”

आवाज माझाच होता. मी उभी राहिले होते. उदयसिंह माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होता, नको, नको. पण मी सगळं सांगितलं. तो नसताना मी त्याच्या मागावर बसले, एक मीटर विणलं, त्याला न विचारता. त्याने आल्या आल्या ते उसवायला घेतलं. दीड दिवस त्यात गेला. “त्याचा एका धाग्याचाही दोष नाही. चूक माझी आहे.”

गीतांजली मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“नियम माहीत होता तुला?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग का केलंस?”

मदत म्हणून, असं म्हणता आलं असतं. मैत्री म्हणून, असंही. दोन्ही थोडं थोडं खरं होतं.

“माझं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून,” मी म्हटलं. आणि काय सुचलं कोण जाणे, पुढे म्हणाले, “पण ते... त्याला अजून सांगितलेलं नाही.”

मागून कोणीतरी खोकलं. उदयसिंह टेबलाची कड घट्ट धरून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते आणि डोळे भरून आले होते, आणि तो ते लपवतही नव्हता. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं. तेवढं पुरलं.

दोघी मॅडम हळू आवाजात बोलल्या. मग गीतांजली मॅडम म्हणाल्या, “उदयसिंह, तुला तीन दिवस. उरलेलं अर्धं मीटर इथे, राजलक्ष्मी मॅडमच्या देखरेखीखाली विणायचं. क्षिप्रा, तुझे विणकामाचे गुण कापले जातील. तू पास होशील, पण पहिला नंबर तुझा होता, तो आता राहणार नाही. मान्य?”

“मान्य,” मी म्हटलं. जो पहिला नंबर जाईल म्हणून चार वर्षं भीत आले होते, तो गेला, आणि मी उभीच होते. खाली बसायचंही सुचत नव्हतं.

तेव्हा पहिल्या रांगेतून आबा बोलले.

“बाई, झाला न्हवं न्याय? मग त्या पोरीला बसू द्या की आता. मघाधरनं उभी हाय, पाय लटालटा कापाय लागल्यात तिचं.” मग डाव्या हाताने त्यांनी मुलाला बाकावर बसवलं आणि कोपराने ढोसलं. “उदय, सरक की जरा.”

उदय सरकला.