पार्टिशनपलीकडून आलेलं नाव

ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचणं हा माझा धंदाच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. पोटापाण्यासाठी मी सैतानांना पदव्या देते. हसा खुशाल. आमच्या दुधवाल्याला सांगितलं तर तो दोन दिवस घाबरून दूध दाराबाहेरच ठेवत होता.

पण त्या मंगळवारी दुपारी साडेतीनला आमच्या दोन खोल्यांत जे झालं, त्यातला एक शब्दही मनाचा नाही.

आधी धंदा समजावते. मोठ्या टेबलावर बोटाएवढ्या पुतळ्यांच्या फौजा मांडायच्या, फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि लढायचं, असा एक खेळ असतो. चांगली मोठी माणसं खेळतात, नोकरीधंदा सांभाळून. त्या फौजांत सैतान असतात. प्रत्येक सैतानाला एक नाव लागतं आणि तीन पदव्या.

नावं ताईची. पदव्या माझ्या.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कुठलं नाव तारेतून धडपणे पोचतं आणि कुठलं वाटेतच मरतं, हे तिला कानाने कळायचं. मी दहावीनंतर शाळा सोडलेली, वाचनालयाच्या पुस्तकांवर वाढलेली. मला नाव सुचत नाही. माणसाचं वर्म मात्र बरोबर सापडतं. आमचा घरमालक 'खिळ्यांची भोकं मोजणारा' म्हणून तिसऱ्या फौजेत आहे. समोरची शेजारीण 'सांत्वनाला सगळ्यांत आधी पोचणारी'. दोघांनाही पत्ता नाही.

कामाची पद्धत आमची आम्हीच बसवलेली. ताईचे गुडघे गेले होते. ती मागच्या खोलीत, खिडकीशी, काठी घेऊन. मी पुढच्या खोलीत, टेबलाशी. मध्ये लाकडी पार्टिशन. ती तिकडून नाव पुकारायची. मला पहिल्या झटक्यात नीट ऐकू आलं, की मी पार्टिशनवर टकटक करायची.

एकदा म्हणजे पास.

दोनदा म्हणजे नापास.

माझ्या पदव्यांचा निकाल ती काठीने द्यायची. सढळ हाताने नापास करायची.

"'अंधाराचा राजा'? शहाणे, दिवे गेले की घरोघरी एक असतो. दुसरं आण!"

मला ती 'शहाणे' म्हणायची. लाडानेही आणि रागानेही. फरक आवाजात असायचा.

आमचं काम खेळ बनवणाऱ्या मालकांना इतकं आवडलं, की तो टकटकीचा प्रकार त्यांनी खेळाच्या नियमांतच घातला. सैतान टेबलावर आणायचा असेल तर उभं राहून त्याचं नाव मोठ्यांदा पुकारायचं. समोरच्याने टेबलावर एकदा टकटक केली, की तो आला.

मग पुस्तक निघायचं ठरलं. पहिल्या पानावर छापायला नाव हवं म्हणून मालकांनी फॉर्म पाठवला. मी भरला.

फक्त माझं नाव घातलं.

ताईने तो पाहिला. आरडाओरडा केला नाही. "एवढंच?" म्हणाली.

"रकाना एकच होता, ताई."

"रकाना एकच होता गं. पण पेन तुझ्या हातात होतं ना?"

चार दिवस आमचा अबोला. कामापुरतं तेवढं बोलणं, तेही पार्टिशनमधून. ती नाव पुकारणार, मी टकटक करणार. बास. आधी कोण बोलतं, याची दोघी वाट बघत होतो.

आणि मंगळवार उजाडला.

मुख्य सैतानाचं नाव तेवढं राहिलं होतं. साडेतीन वाजले होते. खालची शाळा सुटायची होती. सगळं कसं शांत होतं.

आणि पलीकडून…

एक नाव आलं.

असं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. मधे ओढलेलं, शेवट गिळलेला. अंगावर काटा आला. मला वाटलं, वा ताई! भांडलीस तरी हात आखडता घेतला नाहीस.

मी एकदा टकटक केली. पास.

थोड्या वेळाने परत तेच नाव आलं. जरा हळू. मला काही कळलं नाही. मी पुन्हा एकदा टकटक केली.

नंतर… काही नाही.

मी पदव्यांना बसले. रागात होते, म्हणून पटापट सुचल्या. 'भिंतीआडून हुकूम सोडणारा.' 'चूक न विसरणारा.' 'आधी न बोलणारा.' तिन्ही ताईवरूनच उचलल्या होत्या. पुस्तकात वाचल्यावर तिला कळावं, हीच इच्छा होती. तिचा निकाल न घेताच साडेचारला यादी मालकांना पाठवून दिली.

पाचला चहा घेऊन आत गेले.

ताई जमिनीवर होती. एक हात पार्टिशनकडे. काठी हाताला लागणार नाही इतक्या लांब गेलेली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. "असं झालं की वाचा जाते. आवाज फुटतो, पण त्याचा शब्द होत नाही. तुम्ही घरात नव्हतात का?"

"होते. पण डोळा लागला होता," मी म्हणाले.

म्हणजे ते नाव नव्हतंच. ती मला बोलावत होती. आणि मी तिला पास करत होते.

मालकांचा दोन दिवसांनी फोन आला. ताई गेल्याचं त्यांना कळलं होतं, आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाले, "बाई, मुख्य सैतानाचं नाव म्हणजे कमाल आहे! कुठून सुचतं हो तुम्हाला?"

तेव्हा बोलायला हवं होतं. 'ते काढून टाका' एवढंच म्हणायचं होतं. पण मग का ते सांगावं लागलं असतं.

मी म्हणाले, "सुचतं कधीकधी."

पुस्तक आलं. पुतळा आला. खेळाच्या दुकानात पहिला जाहीर डाव होता, शनिवारी सकाळी. मला खुर्ची दिली, फूल दिलं. एक जाडा, चष्मेवाला गृहस्थ उठला. बँकेत कॅशियर आहे म्हणे. घसा खाकरून त्याने नाव पुकारलं.

आवाज त्याचा होता.

पण चाल…

चाल ताईची होती. मधे ओढलेली, शेवटी गिळलेली. कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. मी कोणाला म्हणून दाखवलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा नाही.

"असं म्हणायला कोणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? ते तसंच म्हणतात ना?"

पुढच्या टेबलावर एक कॉलेजातली मुलगी उठली. तिनेही तसंच पुकारलं. मग आणखी एकाने. सगळ्यांनी. आणि समोरची माणसं हसत हसत टेबलावर बोट आपटत होती. एकदा. एकदा. एकदा.

मी फूल तिथेच विसरून घरी आले.

दार उघडलं, चप्पल काढली, आणि मागच्या खोलीतून…

टक.

मी उभी राहिले तशीच.

काही वेळ गेला.

टक.

वरच्या मजल्यावर कुलूप आहे. शेजारीण बाहेर फळी टाकून गप्पा मारत बसली होती. काठी मी स्वतः कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. जाऊन पाहिलं. कपडे होते.

काठी नव्हती.

ती आजतागायत मिळालेली नाही.

तेव्हापासून शनिवारी-रविवारी, डाव रंगायच्या वेळेला, पार्टिशन वाजतं. मी दुकानदाराला फोन करून सहज विचारते, आत्ता कोणी मुख्य सैतान उतरवला का हो? तो म्हणतो, "हो की! तुम्हाला कसं कळलं?"

मला वाटलं, तिला तो पहिल्या पानाचा राग असेल. मालकांकडे हट्ट धरला. दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या पानावर ताईचं नाव आलं, माझ्या वर, ठळक अक्षरांत. पुस्तक घेऊन मागच्या खोलीत गेले. तिच्या खुर्चीपुढे उघडं धरलं.

"बघ ताई. घातलं तुझं नाव."

दुपारची वेळ. खिडकीतून ऊन आलेलं. खुर्ची रिकामी. आणि तिच्या पाठीमागे…

टक. टक.

नापास.

मी माफी मागितली. टक टक. मी रडले. टक टक. "मला कळलं नाही गं, खरंच कळलं नाही," म्हणाले, तेव्हा तर इतक्या जोरात वाजलं, की भिंतीवरचं घड्याळ खाली आलं.

म्हणून हे लिहायला बसले. कोणीतरी वाचावं, निदान एवढं तरी. पुढच्या खोलीतल्याच टेबलावर लिहितेय. ते नाव इथे मुद्दाम घातलेलं नाही. तुमच्याकडे तो खेळ असेल, तर पुकारण्याआधी पलीकडच्या खोलीत आपलं कोणी एकटं नाही ना, ते उठून बघून या.

एवढं लिहून झालं. मग वरपासून मोठ्यांदा वाचलं, जशा पदव्या वाचायचे तशा. सगळं शांत होतं. 'परत तेच नाव आलं' इथपर्यंत आले. पुढचं वाक्य वाचलं. 'मला काही कळलं नाही.'

आणि पलीकडून…

टक. टक.

बरं.

बरं, ताई.

दुसऱ्या वेळी मला कळलं होतं. तो नाव पुकारायचा आवाज नव्हता. जन्मभर ऐकलेला आवाज, मला नाही कळणार? मी खुर्ची मागेही सरकवली होती. मग मनात आलं, येऊ दे की तिलाच आधी. दरवेळी मीच का जायचं? खुर्ची पुढे ओढली आणि टकटक केली.

डोळा लागला नव्हता. दीड तास मी टक्क जागी होते.

झालं. हे खरं आहे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता एकदा वाजायला हवं.

खालची शाळा सुटून गेली. चहा निवला. मी पार्टिशनला कान लावून बसलेय.

ताई, एकदाच वाजव.

अजून काहीच नाही…