लाईट गेल्यावरची धार

"अगं, लाईट गेली की माशांच्या पेटीजवळ यायचं. त्यातलंच तांब्याभर पाणी घ्यायचं अन् उंचावरून बारीक धार सोडायची. हवा मिळती त्यांना."

सहादेवमामांचं हे सांगणं राहीमामींच्या कानात अजून आहे.

घडलं ते खरं आहे. राहीमामी माझ्या सख्ख्या मामी. तुळशीसमोर बसून त्यांनी मला हे सांगितलं, आणि तिथं बसून त्या खोटं बोलत नाहीत. लिहिताना माझा हात मात्र अजून थांबतो.

नगरजवळचं केडगाव. सत्त्याण्णव सालचा आषाढ.

मामा दम्याने जाऊन महिना होत आला होता. मागे राहिली ती काचेची पेटी आणि त्यातले निऑन टेट्रा. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी-लाल रेघ. एक वळला की सगळे वळणार.

मुलगा महेंद्र सुप्याला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा. तो म्हणाला, "आई, मासे मला दे. आमच्याकडं कारखान्याची लाईन हाय, लाईट जात न्हाई."

"ऱ्हाऊ दे. त्यांच्या हातचं एवढंच उरलंय."

"मला कधी एवढं जपलं न्हाई बाबांनी," तो हसला.

एका गुरुवारी, तिन्हीसांजेला लाईट गेली. मामी जपाला बसल्या होत्या. पेटीच्या पंपाची घरघर थांबली. माळ पुरी करून उठू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

आणि...

बाहेरच्या खोलीत पाण्याची धार पडू लागली.

बारीक. उंचावरून.

घरात दुसरं कुणी नव्हतं.

मामी कंदील घेऊन गेल्या. तांब्या फळीवर होता. कोरडा. पाणी मात्र हलत होतं. सगळे मासे एका कोपऱ्यात... मामा उभे राहायचे त्या बाजूला तोंड करून.

मामींना भीती नाही वाटली. रडू आलं.

त्यानंतर लाईट गेली तरी त्या उठायच्या नाहीत. डोळे मिटून ऐकत राहायच्या. लाईट जायची वाटच बघायच्या म्हणा ना.

मग पावसाची झड लागली. एका संध्याकाळी धारेबरोबर आणखी काही ऐकू आलं...

श्वास.

छातीत शीळ वाजणारा. पावसाळ्यात मामांना धाप लागायची, तसाच.

दिवसेंदिवस तो वाढत गेला.

शेवटी मामींनी जप अर्धा टाकला आणि तांब्या स्वतः हातात घेतला. "सोडा. मी करते."

त्यांची धार पडू लागली...

शेजारी दुसरी पडतच राहिली.

धाप थांबेना.

जाऊनसुद्धा या माणसाला श्वास पुरत नव्हता. आणि आपण, तेवढीच सोबत म्हणून, ऐकत बसलो होतो.

"बसा आता," मामी हळूच म्हणाल्या. "महेंद्रकडं पोचवते मी त्यांना. तिथं लाईट जात न्हाई. शब्द देते."

शेजारची धार थांबली. धापही.

सकाळी पूजा आटोपून मामींनी पेटीतल्या पाण्यासकट मासे बरणीत घेतले. दार ओढून घेतलं. बरणी पदराआड, छातीशी धरली.

पायरी उतरताना त्यांनी सहज बरणीत पाहिलं...

सगळे मासे घराकडे तोंड करून स्थिर.

मामींनी बरणी फिरवली. मासेही फिरले. पुन्हा घराकडे.

मामींनी मागे बघितलं नाही. सुप्याच्या एस्टीसाठी त्या फाट्याकडे चालू लागल्या.